वेम्बलीची खोली

शनिवारी सकाळी सुपरमार्केटात दुधाच्या फ्रीजपाशी एका अनोळखी गोऱ्या बाईने जगदीश हुमण्यांचा दंड हलकेच धरला. "तुमच्या बाबतीत जे झालं ते ऐकून फार वाईट वाटलं," ती म्हणाली. जगदीशना वाटलं, बाईने आपल्याला दुसरंच कोणीतरी समजलं असावं. त्यांनी थँक्यू म्हटलं आणि दुधाची बाटली ट्रॉलीत ठेवली. केमिस्टच्या काउंटरवरचा माणूस त्यांचं नाव घेऊन बोलला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. शेवटी घराच्या फाटकाशी शेजारच्या टेरीने आपला फोन त्यांच्यापुढे धरला.

"जॅग, इतक्या वर्षांत तू एका शब्दाने बोलला नाहीस."

फोनवर जगदीशच होते. निळा स्वेटर, मागे स्वतःचं जेवणाचं टेबल. ते इंग्रजीत सांगत होते, की एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात वेम्बलीच्या बसस्टॉपवर चार पोरांनी त्यांना मारलं, कानाच्या वर टाके पडले, आणि ते फुटपाथवर पडलेले असताना बस आली आणि न थांबता निघून गेली. इथे चित्र काळं झालं. मग मोठी अक्षरं आली: कल्याणी हुमणे यांना मत द्या, वंशद्वेषाविरुद्ध उभे राहा. खाली पार्टीचं चिन्ह.

एवढंच. मिनिटभरसुद्धा नाही.

जगदीश घरात आले आणि कोट न काढता खुर्चीत बसले. सान्वीने, त्यांच्या नातीने, जानेवारीत याच टेबलाशी बसवून त्यांना दोन दुपारी बोलतं केलं होतं. घरच्यांसाठी, आठवण म्हणून. बसस्टॉप ही त्या बोलण्याची सुरुवात होती. ज्यासाठी ते बोलायला तयार झाले होते, ते सगळं त्याच्या पुढे होतं.

रविवारी जेवायला सगळे यायचेच होते.

*

कल्याणी शेवटी आली. सकाळपासून दारोदार फिरून तिचे पाय भरून आले होते. दिवसा हॉस्पिटलच्या फार्मसीत, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी प्रचारात, असे पाच आठवडे चालले होते. कौन्सिलच्या एका जागेची पोटनिवडणूक, पण हुमणे घरातून निवडणुकीला उभी राहिलेली ती पहिली होती. येत्या मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये हस्टिंग्स, म्हणजे सगळ्या उमेदवारांना मतदारांनी प्रश्न विचारायची सभा होती, आणि गुरुवारी मतदान.

आईने पातोडीचा रस्सा केला होता. कल्याणीचा थोरला भाऊ संघर्ष पुढ्यात ताट घेऊन बसला होता, त्याच्या शेजारी त्याची मुलगी सान्वी. ती इथे नॉटिंगहॅमच्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि आत्याच्या प्रचाराचे व्हिडिओ करत होती. बाबा जेवत नव्हते.

"पुढचं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काय पुढचं, बाबा?"

"मी दवाखान्यातून घरी आलो, त्याच्या पुढचं. मी काही बसस्टॉपवर थांबलो नव्हतो सांगताना."

सान्वीचा चेहरा उतरला. "आजोबा, मी पूर्ण फाइल दिला होता. मला नाही माहीत होती, की ते लोक असा कट करेल."

"कोणी कापलं?" संघर्षने विचारलं.

"हेलनने," कल्याणी म्हणाली. हेलन तिची एजंट, पार्टीतर्फे प्रचार सांभाळणारी. "मला दाखवून कापलं. मी हो म्हटलं."

ती हे इतकं सरळ बोलेल असं कोणाला वाटलं नव्हतं. बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला.

"बाबा, ऐका. एका मिनिटात जात समजावून सांगता येत नाही. इथल्या माणसाला त्यातलं एकच वाक्य ऐकू जाणार, की खोली सोडायला लावणारा घरमालक पण इंडियन होता. उद्या समोरचा उमेदवार तेच उचलेल. बघा, हे आपसातसुद्धा असंच करतात, मग आम्हाला कशाला बोलता? मग तुमचा बसस्टॉप पण गेला आणि खोली पण गेली."

"हे हेलनचं म्हणणं?"

"हे माझं. हेलनचं वेगळं आहे. आपली पत्रकं वाटणारे निम्मे लोक तिकडचेच आहेत, वरच्या जातींचे. गुजराती आहेत, पंजाबी आहेत, आपल्या मराठी मंडळातल्या सुप्रभाताई आहेत. ते दुखावतील, निवडणूक झाल्यावर बघू, असं ती म्हणाली."

संघर्ष हसला. त्या हसण्यात मजा नव्हती. "म्हणजे गोऱ्या पोरांनी मारलं तर रेसिझम, आणि आपल्या माणसाने घराबाहेर काढलं तर घरगुती मामला. तुमची पार्टी रेसवर फार बोलते, कल्याणी, पण जिथे फुकटात बोलता येतं तिथेच. आणि खरं सांगू का? लोकांना तेही नकोय. माझ्या क्लिनिकमध्ये रोज लोक येतात, त्यांना डेंटिस्ट मिळत नाही. बस बंद झाली. भाडी बघ. आणि तुम्ही दाखवता काय, तर बाबांचं फुटलेलं डोकं."

"तू सरकारी एनएचएस सोडून प्रायव्हेट डेंटिस्ट झालास, दादा. दातांवर तरी तू बोलू नकोस."

आईला हसू आलं. तिने ते पदरात लपवलं.

"तो मुद्दा वेगळा आहे," संघर्ष म्हणाला.

"बरं, मग हा घे. मागच्या ऑगस्टमध्ये आई तीन आठवडे ट्राममध्ये बसली नाही. तिथे जो तिच्यावर थुंकला, त्याने आधी तिला जात विचारली होती? तिच्या शेजारी बसलेल्यांपैकी एकाने मान वर केली नाही. ते मी बोलायचं नाही, कारण लोकांना कंटाळा आलाय? तुला हे सगळं अति वाटतं, कारण तू गाडीने जातोस."

संघर्षने भाताचा घास केला आणि तो हातातच राहिला. आईवर कोणी थुंकलं, हे त्याला महिन्याभराने, तेही सान्वीकडून कळलं होतं. हे कल्याणीला माहीत होतं, आणि तरी तिने ते सगळ्यांपुढे काढलं. तिला लगेच वाईट वाटलं, पण बोललेलं तिने मागे घेतलं नाही.

"दोघं पण थांबा," बाबा म्हणाले. चिडले की त्यांच्या बोलण्यात नागपूर यायचं. "तू आपल्या पार्टीसाठी माझं डोकं वापरून राहिली. आणि संघर्ष, तुला खोलीचा एवढा कळवळा कधीपासून? तुला ती हिला पाडायला पाहिजे. मी काय तुमच्या भांडणातलं सामान आहे का? पूर्ण लावा, नाहीतर काढून टाका."

"ते पार्टीच्या पेजवर आहे, बाबा. एकटीने ठरवणं माझ्या हातात नाही."

"तोंड माझं आहे न?"

 हेलनशी बोलते, असं कल्याणी म्हणाली. बाबा उठून वर निघून गेले. त्यांचं ताट तसंच राहिलं.

*

कल्याणीच्या आईने, द्रौपदीने, ते ताट आत नेलं. सान्वी तिच्या मागे भांडी घेऊन आली आणि रडू लागली.

"सगळा माझा चूक आहे, आजी."

"तुझी कशाने? तू तर ऐकून घेतलंस त्यांचं." द्रौपदीने रस्सा डब्यात ओतला. "मी पण ऐकत होते तेव्हा. इथूनच. दार उघडं होतं."

ती दोन दुपारी ओट्याशी उभी राहून नवऱ्याचं बोलणं ऐकत होती, आणि तिला नवल वाटत होतं की ते ती गोष्ट आपली एकट्याची असल्यासारखी सांगत होते. मारणारी पोरं तिने पाहिली नव्हती. तिच्यासाठी ती पोरं म्हणजे नवऱ्याच्या डोक्याची पट्टी, आणि ती पट्टी महिन्याभरात निघाली. तिने पाहिली होती ती वैजयंती. घरमालकीण. पुण्याची, तिच्याच वयाची. जगदीशना मारलं त्या दिवशी वैजयंतीच तिच्यासोबत हॉस्पिटलात आली होती, रात्रभर बाकावर बसली होती आणि त्या गोऱ्या पोरांना शिव्या घालत होती. पुढचे आठ दिवस ती वरच्या खोलीत वरणभात पाठवत होती. द्रौपदीला तेव्हा पाचवा महिना होता. इतकं प्रेम तिच्यावर या देशात कोणी केलं नव्हतं.

जगदीश हिंडूफिरू लागले तेव्हा द्रौपदीने पेटीतून बाबासाहेबांचा फोटो काढला आणि भिंतीवर लावला. नीट जागा पाहून, दिवा लावून. तोवर तो लावायचं राहून गेलं होतं, एवढंच. वैजयंती वरणाचं भांडं घेऊन वर आली, तिने फोटो पाहिला, भांडं ठेवलं आणि बोलणं अर्धवट सोडून खाली गेली. ते भांडं परत न्यायला ती कधीच आली नाही. द्रौपदीने ते घासून दाराशी नेऊन ठेवलं, तर दोन दिवसांनी ते कचऱ्याच्या डब्यावर दिसलं. मग घरमालक येऊन म्हणाले, भावाचं कुटुंब यायचं आहे, खोली लागेल. त्याच आठवड्यात जगदीशनी नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी अर्ज केला. मुलांना मोठं होताना एवढंच माहीत होतं, की बाबांना नोकरी लागली म्हणून आपण नॉटिंगहॅमला आलो.

यातलं तिने सान्वीला जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पोरगी सिंकला टेकून ऐकत राहिली.

"पण तू कधी बोलली का नाही, आजी?"

"मला कोणी विचारलं?" द्रौपदी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "आजोबांना तू विचारलंस. आता तुझी आत्या आणि तुझा बाबा त्यावरून भांडतात. पार्टीने कापलं. माझं कुठे काय आहे त्यात?"

डब्याचं झाकण लावून झाल्यावर तिने विचारलं, "मंगळवारी त्या हॉलमध्ये प्रश्न कोणी विचारायचे असतात?"

"कोणी पण. वॉर्डात राहत असेल तर. हात वर करायची."

*

संघर्ष मंगळवारी हॉलमध्ये शेवटून दुसऱ्या रांगेत बसला. तो या वॉर्डात राहत नव्हता, पण दाराशी कोणी विचारलं नाही. प्रश्न त्याने गाडीत बसून पाठ केला होता. कल्याणीच्या पार्टीने जातीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं आहे, हे खरं आहे का? रविवारपासून त्याला ट्रामचं बोलणं टोचत होतं, आणि हा प्रश्न आपण तत्त्वासाठी विचारतोय की त्या टोचण्यासाठी, हे त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

मंचावर चार उमेदवार होते. कल्याणी टोकाला. आई-बाबा तिसऱ्या रांगेत, शेजारी सान्वी. पहिल्या रांगेत हेलन.

आधी पार्किंगचे प्रश्न झाले, मग कचऱ्याचे बिन उचलायच्या दिवसांचे. मग एक म्हातारा उठला, त्याच्या पायाशी कुत्रा झोपला होता. "मला मिस हुमणेंना विचारायचंय. तुमच्या पत्रकावर पण रेसिझम, फोनवर पण रेसिझम. तुमच्या वडिलांचं वाईट झालं, मान्य. पण आमची बस गेली त्याचं काय? तुमची पार्टी दुसरं काही बोलते का?"

कल्याणी म्हणाली, की बस बंद होते तेव्हा ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचीच आधी होते, आणि ज्या ट्रामने त्यांनी जायचं त्या ट्राममध्ये काहींना भीती वाटते, तर तो प्रश्न बसपासून वेगळा काढता येत नाही. उत्तर बरं होतं. थोड्या टाळ्या पडल्या. मिस्टर पार्किन नावाचा उमेदवार, रिटायर्ड फोरमन, म्हणाला, "मी या वॉर्डातली बहुतेक सगळी दारं वाजवली. एकाही दारात मला कोणी रेसबद्दल विचारलं नाही." त्याला जास्त टाळ्या पडल्या. आपल्याला त्याचं म्हणणं पटतंय हे संघर्षला कळत होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहून ते आवडत नव्हतं.

त्याने हात वर केला. अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्यांचं बोट पुढे गेलं. "हिरवी शाल घेतलेल्या बाई."

आई उभी राहत होती.

बाबांनी तिच्या शालीचं टोक धरलं. त्यांना वाटलं, तिला बरं वाटत नाहीये. तिने ते टोक सोडवून घेतलं आणि माइक हातात घेतला.

"माझा प्रश्न चौघांना आहे," ती इंग्रजीत, एकेक शब्द ठेवत म्हणाली. "मी भाड्याने राहते. घरमालकाला माझी जात कळते. तो म्हणतो, खोली सोडा. आज, या देशात, हे कायद्याच्या विरुद्ध आहे का? हो की नाही?"

"जात म्हणजे, सॉरी, कास्ट म्हणालात?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"कास्ट. सी, ए, एस, टी, ई."

पहिली उमेदवार म्हणाली, आमचा पक्ष सर्व प्रकारच्या भेदभावाच्या विरोधात आहे. आईने विचारलं, "म्हणजे हो?" ती म्हणाली, आमची भूमिका स्पष्ट आहे, आणि माइक पुढे दिला. दुसरा म्हणाला, माहिती घेऊन तुम्हाला नक्की कळवतो. पार्किन म्हणाला, "मॅडम, आदर ठेवून सांगतो, मी हेच म्हणतोय. हे असलं सगळं इथे येताना तिकडेच ठेवून यायला हवं."

"मी ठेवून आले होते," आई म्हणाली. "घरमालक घेऊन आला होता."

हॉल हसला. पार्किनसुद्धा हसला. मग सगळे कल्याणीकडे वळले.

कल्याणीने हेलनकडे पाहिलं. हेलनने नकारार्थी मान अगदी थोडी हलवली, पण संघर्षला ती मागून दिसली. जातीचा प्रश्न आपण विचारणार होतो, असं त्याच्या मनात आलं. त्याचा वर केलेला हात खाली आला होता.

"नाही," कल्याणी म्हणाली. "कायद्यात तो शब्द अजून नाही. तुम्ही कोर्टात गेलात तर एखादा न्यायाधीश जात वंशाच्या व्याख्येत बसवेल, एखादा नाही बसवणार. त्यामुळे प्रामाणिक उत्तर, स्पष्टपणे विरुद्ध आहे असं मला म्हणता येत नाही." ती थांबली. "हा विषय या निवडणुकीत काढायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. ठरवणाऱ्यांत मी पण होते. प्रश्न विचारला ती माझी आई आहे. तिला वेम्बलीतल्या एका खोलीतून असंच काढलं होतं. माझ्या वडिलांचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. तो अर्धाच आहे."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन रांगा पुढे बसलेल्या सुप्रभाताई उठल्या, त्यांनी पर्स घेतली आणि बाजूच्या दाराने बाहेर पडल्या.

"मग बसचं काय?" कुत्र्याच्या म्हाताऱ्याने विचारलं.

बाबांनी आईकडे पाहिलं नाही. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ती दोन्ही हातांनी धरून बसले. इतक्या वर्षांत त्या दोघांनी त्या खोलीचा विषय एकमेकांशी एकदाही काढला नव्हता, हे संघर्षला फार नंतर, सान्वीकडून समजलं.

*

बुधवारी व्हिडिओ पेजवरून काढला गेला. पूर्ण मात्र कोणी लावला नाही. पत्रकं वाटायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आले नाहीत. काहींनी फोन उचलले नाहीत, एकाने कळवलं की पाहुणे आलेत. दोन अनोळखी माणसांनी मात्र कल्याणीच्या ऑफिसात येऊन पत्रकांचे गठ्ठे नेले. एक नर्स होती, दुसरा टॅक्सीवाला. दोघांनीही आडनावं सांगितली आणि आणखी काही सांगायची गरज उरली नाही.

शुक्रवारी सकाळी कौन्सिलच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये मोजणी झाली. पार्किन निवडून आला. कल्याणी दुसरी आली, आणि फरक इतका थोडा होता की हेलनने मतं दोनदा मोजायला लावली. मग तिने कल्याणीला मिठी मारली, तू छान लढलीस म्हणाली आणि पुढच्या वर्षीच्या उमेदवारांच्या यादीबद्दल काही बोलली नाही.

पार्किंगमध्ये संघर्षची गाडी उभी होती. कल्याणीने कोटावरचं पार्टीच्या रंगाचं रिबिनीचं फूल काढून खिशात घातलं.

"जातीचा प्रश्न मी विचारणार होतो," संघर्ष म्हणाला. "हात पण वर केला होता."

"दिसला होता मला."

"मग?"

"तू विचारला असतास तर मी वेगळं उत्तर दिलं असतं."

त्याने मान हलवली. हे त्याला पटलं, आणि लागलंही. तो बाबांना घेऊन पार्किंगचे पैसे भरायला मशीनकडे गेला. बाबा त्याच्या दंडाला धरून चालत होते, आणि पार्किनने बस परत आणली नाही तर आपण कोणाला पत्र लिहायचं, यावर दोघांचं बोलणं चाललं होतं.

कल्याणी मागच्या सीटवर आईशेजारी बसली. 

"तू मला आधी सांगायला हवं होतंस, आई."

"सांगितलं असतं तर तू हेलनला विचारलं असतंस."

"मी हरले."

"हो." द्रौपदीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मला पण वाईट वाटतं. मत मी तुलाच दिलं."

कल्याणीने तिच्याकडे पाहिलं. आईने तिला मत दिलं, यात सांगण्यासारखं काय आहे, तिला कळेना.

"मंगळवारपर्यंत देणार नव्हते," द्रौपदी म्हणाली.